बत्तिसावी साडी

आमचं साड्यांचं दुकान बोईसरच्या बाजारात आहे, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला साड्यांमधलं काहीही कळत नव्हतं. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. तो दुकानदाराचा मुलगा असूनही आजतागायत सगळ्या लाल साड्यांना नुसतं ‘लाल’ म्हणतो. त्यामुळे मुलगी शाळेत जायला लागल्यावर दुपारची मीच दुकानात बसू लागले. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ते आवडलं की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, “सूनबाई, गिऱ्हाइकाच्या हातात पदर द्यायचा आणि गप्प बसायचं. बाकीचं कापड बोलतं.”

हीच त्यांची दुकानदारी. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, समोर साड्या पसरायच्या, आणि बाईची बोटं कुठल्या साडीवर दुसऱ्यांदा जातात ते बघायचं. बाई तोंडानं काहीही म्हणो, बोटं खरं बोलतात, असं ते मानत. आणि खरोखरच शंभरातल्या नव्वद वेळा तसंच व्हायचं.

मग फोन आले. म्हणजे फोन आधीपासून होतेच, पण आता बायका फोनमध्ये साडीचा फोटो घेऊन येऊ लागल्या. “अशी हाय काय?” काही तर आमच्याच गादीवर बसून आमच्याच साडीचा फोटो काढायच्या आणि “घरी विचारते” म्हणून जायच्या. आठवड्यानं त्याच साडीचं फोनवरून मागवलेलं भावंड नेसून आमच्या दुकानावरून जायच्या. अशी एक दिसली की बाबा एखादी आधीच नीट असलेली घडी मोडून परत घालायचे.

मी म्हटलं, आपणही फोनवर ठेवू या साड्या. बाबा म्हणाले, “हात न लावता घेतलेलं कापड म्हणजे न चाखता घेतलेला आंबा.” विषय संपला.

तो परत उघडला एका बिहारी कामगारानं. कारखान्याचा निळा शर्ट घालून आला, गादीच्या कडेला उकिडवा बसला आणि खिशातून फोन काढून आमच्यासमोर उभा धरला. फोनमध्ये त्याची बायको. ती गावाकडच्या अंगणात खाटेवर बसलेली, मागे एक बकरी. “इनको दिखाइए,” तो म्हणाला. बाबा दोन क्षण फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि फोनला म्हणाले, “भाभी, ये पल्लू देखो. किनार देखो. धुलाई में रंग नहीं जाएगा.” पुढचा पाऊण तास ते त्या बाईला साड्या दाखवत होते. कामगार बिचारा नुसता हात उंच धरून बसला होता. हात दुखला की बदलायचा. शेवटी बाईनं हिरवी पसंत केली. बाबांनी ती बांधून दिली, आणि तो गेल्यावर म्हणाले, “चांगली होती बाई. तिला काठांतलं कळतं.”

“हात न लावता घेतली की हो, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पण दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची एक फळी रिकामी करून म्हणाले, “तुझे फोटो इथे काढ. इथे उजेड बरा आहे.”

उजेड बरा नव्हता. पहिल्याच महिन्यात कराडहून एक साडी परत आली. ‘फोटोत जांभळी होती, आली ती निळी,’ असा निरोप. मी हिरमुसले. बाबांनी चष्मा लावून आधी साडी बघितली, मग फोटो बघितला. “तू काय लिहिलंस रंग म्हणून?”

“जांभळा.”

“जांभळा कुठे आहे हा? हे करवंद आहे. पिकलेलं करवंद बोटांनी चेपल्यावर डाग पडतो ना, तो.” आणि मग जरा थांबून, “लिही तसं.”

मी लिहिलं. तीच साडी तिसऱ्या दिवशी गेली आणि परत आली नाही. तेव्हापासून रंग सांगायचं काम बाबांकडे. सकाळी दुकान उघडलं की ते एकेक साडी दारापाशी उन्हात नेऊन बघायचे आणि मला सांगायचे, मी फोनमध्ये टाइप करायची. केळव्याच्या पानमळ्यातलं सावलीतलं पान. दुसऱ्या दिवशीचा वाळता बोंबील. ओहोटीच्या वेळचं खाडीचं पाणी. भाताची लोंबी, कापणीला अजून आठ दिवस आहेत अशी. लोक साडीपेक्षा ते वाचायलाच येऊ लागले असं मला वाटायचं. कुणीतरी निरोपात विचारलं, ‘हे लिहितं कोण?’ मी बाबांना सांगितलं तर ते इतके लाजले की चहा प्यायला म्हणून बाहेरच निघून गेले.

या सगळ्यात मुरबे गावची कोळीण मावशी कधी सामील झाली ते नक्की सांगता येणार नाही. मावशी सकाळी बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पाटी रिकामी झाली की घरी जायच्या आधी आमच्या पंख्याखाली घटकाभर टेकायची. ही तिची पद्धत माझ्या लग्नाच्याही आधीची. मी एकदा फोन उभा करून लाइव्ह साड्या दाखवत होते, आणि घाबरल्यामुळे प्रत्येक साडीची नुसती घडीच पुढे करत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“अगं, घडी काय दाखवतंस? पदर काढ ना! लोकांनी काय गठ्ठा नेसायचा हाय?”

आणि मावशी उठून कॅमेऱ्यासमोर. माझ्या हातातली साडी तिनं घेतली, आपल्या लुगड्यावरूनच खांद्यावर टाकली, कमरेवर हात ठेवला आणि फोनला म्हणाली, “आता बगा. आशी दिसंल. आमी काळ्या बाया हाव, आमच्यावर चांगली दिसते, मंग तुमच्यावर काय दिसनार नाय?” त्या दिवशी बघणाऱ्या बायकांनी फोनचा पडदा हसऱ्या चेहऱ्यांनी भरून टाकला. मग मावशी दर बुधवारी फोनसमोर यायला लागली. मी तिला काही द्यायला गेले की म्हणायची, “पंख्याखाली बसते ना तुमच्या? झालं मंग.”

तर या मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं.

हळदीला घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या नेसायच्या, हे किनाऱ्यावरच्या गावांमध्ये आता ठरूनच गेलेलं आहे. मावशी तिच्या जावेला आणि नणंदेला घेऊन आली आणि दोन तास गादीवर खल झाला. शेवटी तिघींचं एकमत झालं ते एका साडीवर, जी आम्ही नुकतीच फोनवर ठेवली होती. गुलाबी म्हणावी तर नाही, केशरी म्हणावी तर नाही. बाबांनी तिचा रंग आदल्याच आठवड्यात सांगितला होता. उकडलेली कोळंबी.

“बराबर!” मावशी म्हणाली. “दुसरा काय रंगच नाय हा. बत्तीस पाहिजेत.”

बाबांनी सुरतच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे होत्या तेवढ्या आल्या आणि आमच्याकडच्या धरून बरोब्बर बत्तीस झाल्या. व्यापाऱ्यानं सांगितलं, हा रंग संपला, आता यायचा नाही. बाबांनी साड्यांचा गठ्ठा खालच्या फळीवर ठेवला. आणि मी, जिचं काम होतं ते, ती साडी फोनवरून काढायला विसरले.

नुसती विसरले असते तरी निभावलं असतं. पण एका दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी, दारात कुरिअरवाला घाई करतोय, फोनवर चार ऑर्डरी, आणि त्यातली एक कोळंबीची. मी फळीवरून वरची साडी काढली, पिशवीत घातली, पत्ता चिकटवला आणि दिली. माझ्या हातानं दिली. त्यात डोकं कुठे होतं ते मला अजून सांगता येत नाही.

हळदीला तीन दिवस असताना मावशी साड्या न्यायला आली. जाऊ आणि नणंद बरोबर होत्याच. बाबांनी गठ्ठा सोडला, मोजला. परत मोजला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यानंच मला सगळं एकदम आठवलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मी ओरडा खायची तयारी केली होती. मावशी ओरडली नाही. गादीवर बसली, पदरानं मान पुसली आणि शांतपणे म्हणाली, “एकतीस हायत. मंग आता एक कोन नेसनार नाय, ते तू सांग. माझी जाव का माझी ननंद?”

दोघी तिथेच बसल्या होत्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून रिकामी फळी परत एकदा चाचपून बघितली.

सुरतला फोन झाला, पालघरच्या दोन दुकानांत विचारून झालं. कुठेच नव्हती. तेव्हा बाबा म्हणाले, “साडी गेली कुठे?”

“नाशिकला.”

“नंबर दे.”

“बाबा, तुम्ही? मी बोलते ना.”

“दुकान माझं आहे,” ते म्हणाले. नंबर मीच लावून दिला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला, कारण मावशीला ऐकायचं होतं.

“नमस्कार,” बाबा म्हणाले. “मी बोईसरहून बोलतोय. ते कोळंबीवाले.”

पलीकडून एका वयस्कर बाईचा करारी आवाज आला, “आम्ही शाकाहारी आहोत. राँग नंबर लागलाय तुमचा.”

“साडी, साडी!” बाबा घाईनं म्हणाले. “कोळंबी रंगाची साडी!”

“अगं बाई, ती होय!” आवाज एकदम मऊ झाला. “आली की आज सकाळी. आत्ता खांद्यावर टाकूनच उभी आहे आरशापुढे. तुम्हीच का ते रंग लिहिणारे? अहो, मी उकडलेली कोळंबी जन्मात पाहिलेली नाही. पण तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलं होतंत, की म्हटलं असेल काहीतरी चांगलं.”

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना कौतुकही ऐकायचं होतं आणि साडीही परत मागायची होती, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. मुरबे, हळद, बत्तीस बायका, चूक आमची, रंग संपला. काही लपवलं नाही. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी शाळेत शिकवायचे. रविवारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. त्यासाठी घेतली होती हो ही.”

आणि मग बाबांनी असं काही केलं की मला त्यांचा रागच आला. ते म्हणाले, “मग राहू द्या, बाई. साडी तुमची आहे. तुम्ही विकत घेतलीय. मी उगाच विचारलं.”

फोन ठेवणारच होते, इतक्यात मावशीनं त्यांच्या हातातून तो घेतला. फोन तोंडासमोर आरशासारखा धरून ती बोलायला लागली.

“बाई, नमस्कार. मी पोरीची आय. तुमी ठेवा ती साडी, तुमालाच राहू दे. माझ्या जावंला आनि ननंदंला गावतात सारख्या. मी दुसरी नेसते. नवरीची आय जरा येगळी दिसली तर काय बिगडत नाय. तुमी फक्त आशीर्वाद द्या पोरीला.”

ती हे रडून किंवा कुणाला लाजवायला म्हणाली नव्हती. दोन मिनिटांत तिनं मनाशी हिशेब जुळवला होता आणि मोकळी झाली होती. जाऊ आणि नणंद मात्र खाली बघू लागल्या.

“आईनं वेगळी नेसायची?” फोनमधून आवाज आला. “छे, छे, छे. असं कुठे असतं का? मला पत्ता सांगा. मी पाठवते.”

“पन तुमचा मेळावा, बाई?”

“ती पोरं माझ्या साड्या वीस वर्षं बघत आलीत. आणखी एकदा जुनी बघतील.”

कुरिअरनं यायला चार दिवस लागले असते. बाईंनीच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः रिक्षा करून नाशिकच्या स्टँडवर गेल्या आणि साडी एसटीच्या पार्सलनं पाठवली. मी आणि नवरा स्कूटरवरून पालघर स्टँडला गेलो. गाडी दीड तास उशिरा आली. तोवर नवऱ्यानं दोन वडापाव खाल्ले आणि मी एकही नाही. पार्सल म्हणजे एक स्वच्छ धुतलेला उशीचा अभ्रा होता, तोंडाशी सुईदोऱ्यानं शिवलेला. आत साडी, मनुकांची मोठी पुडी, आणि एका वहीच्या पानावर ठसठशीत मास्तरकी अक्षरात दोन ओळी. ‘नवरीला आशीर्वाद. मनुका सगळ्या जणींनी वाटून खाव्यात.’

नवऱ्यानं साडी उघडून बघितली आणि म्हणाला, “लालच आहे की.”

हळदीला आम्ही सगळेच मुरब्याला गेलो. ऊन उतरताना समुद्राकडून वारा यायला लागला आणि गल्लीच्या तोंडाशी बँजो सुरू झाला. मग त्या बत्तीस जणी घरातून बाहेर पडल्या. मी त्या साड्या गठ्ठ्यात बघितल्या होत्या, फोनवर बघितल्या होत्या, गादीवर बघितल्या होत्या. पण त्या सगळ्या एकदम चालत, नाचत येताना दिसल्या तेव्हा मी फोन काढायचंही विसरले. गल्लीच कोळंबी झाली होती. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात कडेला उभे राहून बघत होते आणि सारखा चष्मा पुसत होते.

मावशीनं मला खेचलं. “बाईला लाव फोन. बगू दे तिला.”

मी व्हिडिओ कॉल लावला. बाई नाशिकला गॅलरीत बसल्या होत्या. मी फोन फिरवून गल्ली दाखवली तशा त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. बँजोमुळे त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसते हात हलताना दिसत होते. तेवढ्यात मावशीची नणंद मांडवामागच्या चुलीवरून एक ताट घेऊन धावत आली. ताटात वाफाळलेल्या कोळंब्यांचा ढीग. तिनं आपला पदर पसरून कोळंबीशेजारी धरला आणि फोनच्या अगदी पुढ्यात नेला.

“बगा बाई! आसा रंग!”

बाईंनी आधी दचकून चेहरा मागे घेतला. मग चष्मा वर करून त्या पुढे आल्या, ताटाकडे बघितलं, पदराकडे बघितलं, आणि इतक्या हसल्या की त्यांच्या हातून फोनच पडला. आम्हाला मग बराच वेळ नाशिकचं छत दिसत होतं.

लग्न पार पडल्यावर बाबांनी दुकानात एक बदल केला. एक जुनं कपाट झाडून पुसून त्यावर खडूनं ‘फोन’ असं लिहिलं. फोनवर दाखवायची साडी त्या कपाटात, गादीवरची गादीवर. गादीवरची कुणी घेतली तर आधी फोनवरून काढायची, मगच घडी पिशवीत घालायची. मी एकदा विसरले आणि त्यांनी गिऱ्हाइकाला पाच मिनिटं थांबवून ठेवलं. इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मुली आता फोनवर साडी बघून ‘दुकानात बाजूला ठेवा’ असं कळवतात आणि शनिवारी येऊन हात लावून नेतात. त्या मुलींना बाबा आधी फोनवर लिहिलेला रंग वाचून दाखवतात, मग साडी काढतात. मुली मुकाट्यानं ऐकून घेतात.

थंडीत एका दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. नाशिकच्या बाई, आणि बरोबर दोन मैत्रिणी. केळव्याला दोन दिवस राहायला चालल्या होत्या, आणि जव्हारवरून उतरल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून बोईसरला आल्या. फोनवरच्या आवाजावरून मला त्या उंच वाटल्या होत्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. दारातच चप्पल काढून त्या थेट गादीवर जाऊन बसल्या.

“कोळंबी आहे का?”

“नाही, बाई,” बाबा म्हणाले. “तो रंग परत आलाच नाही. मी सुरतला दोनदा विचारलं.”

“मग काय आहे ते दाखवा. तुमच्या तोंडून ऐकत बघायचंय मला.”

बाबांनी दाखवलं. दीड तास दाखवलं. पण गंमत अशी, की ते काही बोललेच नाहीत. एकेक साडी पसरायचे, पदर बाईंच्या हातात द्यायचे आणि गप्प बसायचे. बाईंच्या दोन्ही मैत्रिणी कंटाळून मला रस्त्यावर उसाचा रस कुठे मिळेल ते विचारू लागल्या. शेवटी बाईच म्हणाल्या, “अहो, बोला ना काहीतरी. हा कुठला रंग?”

बाबा दारातल्या उजेडाकडे बघत जरा विचारात पडले. “हा अजून ठरला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सांगा.”

बाईंनी साडी गुडघ्यावर पसरली. हात फिरवला. “बेदाणा,” त्या म्हणाल्या. “उन्हात घातल्यावर चौथ्या दिवशीचा.”

“सूनबाई, लिहून ठेव,” बाबा म्हणाले.

त्यांनी ती घेतलीच, आणखी दोन घेतल्या. पण पिशवी पुढे केल्यावर म्हणाल्या, “समुद्रावर कुठे हे ओझं घेऊन फिरू? घरी पाठवा ना. पत्ता आहेच तुमच्याकडे.”

मी पार्सलची प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी काढायला गेले. बाबांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी गादीखालून जाड खाकी कागद ओढून काढला, तिन्ही साड्या त्यावर ठेवल्या, चारी कोपरे दुमडले आणि सुतळीनं आडवीउभी गाठ मारली. पत्ताही स्वतःच लिहिला, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून. बाई शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथला उकार दीर्घ हवा.”

बाबांनी निमूटपणे तो दीर्घ केला.